मिशन कंपाउंड

१८५७ साल. उत्तरेत बंड पेटलं ते मे महिन्यात. त्याआधी, जानेवारीपासूनच, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळच्या वेळी एक वेगळीच लढाई रंगत होती. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णु भिकाजी गोखले, जकात खात्यातली नोकरी सोडून धर्मरक्षणाला निघालेले, वय तिशीच्या आसपास. समोर पाद्री. मधे वाळूत दाटीवाटीने उभा राहिलेला श्रोतृवर्ग. देव एक की अनेक, पाप कुणाला लागतं, अवतार घेण्याची देवाला गरजच काय, असे प्रश्न आणि त्यांवर प्रतिप्रश्न. या वादांचा वृत्तान्त पुढे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने मराठीत छापला गेला. तो सिद्ध करणारे गृहस्थ होते जॉर्ज बोवेन, आणि ते स्वतः पाद्र्यांच्या बाजूने वादात उतरलेले होते. प्रतिपक्षाचं म्हणणंही छापून ठेवावं एवढी नेकी त्यांच्यापाशी होती, म्हणून आज आपल्याला विष्णुबुवांचा आवाज ऐकू येतो.

बोवेन अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जन्मले. घरची स्थिती उत्तम. तरुणपणी देवाधर्मावर विश्वास नाही, संगीत-साहित्याचा नाद, युरोपभर भटकंती. ज्या मुलीवर प्रेम होतं ती आजारात गेली आणि जाताना आपलं बायबल यांच्यासाठी ठेवून गेली. तिथून माणूस फिरला. १८४८ च्या जानेवारीत बोवेन मुंबईत उतरले आणि १८८८ च्या फेब्रुवारीत इथेच वारले. मधल्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. आल्यावर थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला. बंगला सोडून साध्या वस्तीत खोली घेतली, शिकवण्यांवर पोट भरलं, ‘बाँबे गार्डियन’ हे पत्र वर्षानुवर्षं चालवलं आणि काखेत पत्रकं मारून रस्त्यारस्त्याने बोलत फिरले. एवढं करून त्यांच्या हातून ख्रिस्ती किती झाले? नाव घ्यावं असं जवळपास कुणी नाही. मुंबईने त्यांना साधू मानलं, त्यांचं म्हणणं मात्र मानलं नाही. आज कुलाब्यात अपोलो बंदरच्या बाजूला बोवेन मेमोरियल चर्च आहे. गेटवे पाहायला येणारे लोंढे त्याच्या शेजारून जातात.

बोवेन यांच्यापासून सुरुवात करण्याला कारण आहे. मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात दोन्ही पक्ष एकाच गोष्टीची मोजदाद करत असतात: किती बाटले. स्तुती करणाऱ्याला तो आकडा कमी वाटतो, शिव्या देणाऱ्याला जास्त. हा हिशेब बोवेनना लावला तर चाळीस वर्षांचं शून्य हाती येतं. मला वाटतं, या माणसांना त्यांनी इथे काढलेल्या वर्षांच्या मापाने मोजून पाहावं. पाच वर्षांसाठी आलेला पाद्री आणि तीस-चाळीस वर्षं राहिलेला पाद्री हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. पहिला अहवाल लिहितो. दुसऱ्याला दुष्काळ भेटतो, शेजारी भेटतात, मुलं पुरावी लागतात आणि बहुतेकदा आपण ज्यासाठी आलो ते साधत नाही हे पचवावं लागतं. त्यानंतर तो जे करतो, ते बघण्यासारखं असतं.

खरं तर कंपनी सरकारला हे लोक नकोच होते. व्यापारात धर्माची भानगड नको, हे कंपनीचं धोरण. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन कलकत्त्याहून हाकलले गेले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले. इथूनही परत पाठवण्याचा हुकूम निघाला. हे गुपचूप कोचीनला सटकले, तिथून पकडून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन मनाने धार्मिक होता, त्याने चालढकल केली. तेवढ्यात विलायतेत कंपनीची सनद नव्या अटींवर मंजूर झाली आणि मिशनऱ्यांना दार उघडलं. अमेरिकन मराठी मिशनचा जन्म असा कागदी घोळातून झाला.

त्या पहिल्या तुकडीची किंमत जबर होती. सॅम्युअल न्यूएल यांची बायको हॅरिएट मॉरिशसला वारली तेव्हा एकोणीस वर्षांची होती; तिचं तान्हं बाळ तिच्याआधी गेलं होतं. न्यूएल एकटे मुंबईला आले आणि १८२१ साली पटकीने गेले. हॉल यांनी बायको आणि दोन मुलं प्रकृतीच्या कारणाने अमेरिकेला धाडली. थोरला मुलगा जहाजावरच वारला. हॉल स्वतः १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला पटकीची औषधं वाटत हिंडत होते, परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली. वय एकेचाळीस. त्याच साली या मिशनने केलेला नव्या कराराचा मराठी अनुवाद छापून पुरा झाला.

छापून म्हणजे मुंबईतल्या त्यांच्या स्वतःच्या छापखान्यात. या छापखान्याची गोष्ट मला धर्मप्रसाराच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. तिथे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक टाइप पाडले. तिथेच, दहाएक वर्षांचा असताना, जावजी दादाजी नावाचा पोर दोन रुपये पगारावर टाइप घासायला लागला. पुढे त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत काव्यनाटकांच्या, पोथ्यांच्या नेटक्या आवृत्त्यांसाठी निर्णयसागरचं नाव काशीपर्यंत गेलं. बायबल छापण्यासाठी उभारलेल्या कारखान्यात शिकलेल्या हातांनी वेद-पुराणं घरोघर पोहोचवली. मिशनला पैसा पुरवणाऱ्या बोस्टनच्या देणगीदारांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे. वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे तोही लांबच्या नात्याने त्याच वंशावळीतला.

मिस सिंथिया फॅरार १८२७ च्या डिसेंबरअखेर मुंबईला उतरल्या. न्यू हँपशरच्या, वय बत्तीस, अविवाहित. मिशनच्या पाठीशी असलेल्या अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. तोवर मिशनऱ्याची बायको म्हणून यायचं किंवा यायचंच नाही, असा शिरस्ता होता. काम मुलींच्या शाळांचं. मुलीला शिकवलं तर ती विधवा होते, हा समज गावोगाव घट्ट. त्यामुळे मुली गोळा करणं हेच निम्मं काम असे. १८३९ पासून त्या नगरला राहिल्या आणि १८६२ च्या जानेवारीत तिथेच वारल्या. चौतीस वर्षांत एकदा काय त्या अमेरिकेला जाऊन आल्या.

आता पुण्याहून एक तरुण नगरला येतो. नाव जोतीराव फुले. स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला. मित्र सदाशिव गोवंडे नगरला नोकरीला, त्याच्याबरोबर तो मिस फॅरार यांच्या शाळा पाहतो. परत जाऊन बायकोला शिकवतो आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढतो. या शाळा पाहूनच आपल्याला स्फूर्ती झाली, हे जोतीरावांनी स्वतः सांगून ठेवलेलं आहे. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही फॅरारबाईंकडे झालं असं चरित्रकार सांगतात. फुल्यांनी मिशनऱ्यांकडून घेण्यासारखं घेतलं आणि ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पुढे स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. मिस फॅरार यांच्या कामाचं सर्वांत मोठं फळ त्यांच्या मिशनच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

नगर, आताचं अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचं माहेर झालं ते १८३१ पासून. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथूनच निघाला, हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली. त्या पत्राची जुनी पानं चाळली तर धर्मप्रचार असतोच, पण वाफेची यंत्रं, ग्रहणं, विधवाविवाह आणि वाचकांची भांडखोर पत्रंही असतात. नगरच्या भोवती वडाळा, राहुरी अशी ठाणी उभी राहिली. प्रत्येक ठाण्याला एक आवार. लोक त्याला सरळ ‘मिशन कंपाउंड’ म्हणत. आत कौलारू बंगला, चर्च, शाळा, बोर्डिंग, दवाखाना, कडेला नोकरांच्या नि मास्तरांच्या खोल्या. उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वरला. मुलं सात-आठ वर्षांची झाली की शिकायला अमेरिकेला, आणि मग कित्येक वर्षं आईबापांची गाठ नाही. मुलगा परत येई तेव्हा त्याला मिशा फुटलेल्या असत आणि मराठी विसरलेली असे. या घरांतल्या बायकांनी ते कसं सोसलं याच्या नोंदी अहवालांत फारशा नाहीत. अहवाल पुरुषांनी लिहिले.

ह्यूम कुटुंब घ्या. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला. वडील मिशनरी, मायदेशी परत जाताना १८५४ साली जहाजावरच गेले. मुलगा येलला शिकला आणि १८७४ साली उलट नगरला आला. बावन्न वर्षं राहिला. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, अमेरिकेतून ‘क्विटो’ नावाचं जहाज मक्याने भरून मुंबईला आलं, त्या मदतीच्या वाटपाची मोठी जबाबदारी ह्यूमसाहेबांवर होती. ख्रिस्ताचं नाव न ऐकता मेलेल्या माणसाला पुढे संधी मिळेल की नाही, या प्रश्नावर त्यांनी उदार मत दिलं, म्हणून त्यांच्याच मिशनमधल्या कर्मठांनी त्यांना काही काळ अडवलं होतं. दहा वर्षं नगरला काढलेल्या माणसाला, भोवतालचे सगळे भले लोक नरकात जाणार असं म्हणणं जड जातं, हे मला अगदी समजतं.

काहींना इथले डोंगर आणि दगडच लागले. सॅम्युअल फेअरबँक हे वडाळ्याचे, पण पक्ष्यांचे वेडे. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव भागातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी छापली, आणि दक्षिणेतल्या पलनी डोंगरात आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं आडनाव कायमचं जाऊन बसलं. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप तर भूशास्त्रातले जाणकार. जीवाश्म गोळा करीत, गोंडांची गाणी उतरवून घेत. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याला पूर आला आणि ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आता कडू भाग.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वाढले ते वादविवादांनी नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ते झपाट्याने वाढले, आणि वाढले ते महार-मांग वस्त्यांतून. त्यावर ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा लगेच मारला जातो. मारणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की ज्या गावाने पाण्याला शिवू दिलं नाही त्या गावाला हा शेरा मारण्याचा अधिकार फारसा उरत नाही. पण मिशनचीही बाजू स्वच्छ नाही. उपाशी माणसासमोर धान्य आणि बाप्तिस्मा एकाच हाताने धरला की त्याच्या ‘हो’ला काय अर्थ उरतो, हा प्रश्न त्या काळातल्या काही मिशनऱ्यांनाही सतावत होता. अनाथ पोरं अनाथालयात आली ती ख्रिस्ती म्हणूनच वाढली. त्यांना कुणी विचारलं नाही. आणि जातीचं काय? मिशनने जात मोडली म्हणतात, पण एखादा वरच्या जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याची चरित्रं निघत. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई ही नावं आपल्याला पाठ आहेत. खेड्यात आठ-दहा रुपयांवर शाळा चालवणारा मांगवाड्यातला ख्रिस्ती मास्तर, दारोदार फिरणारी ‘बायबलबाई’, दवाखान्यात जखमा धुणारी परिचारिका, यांच्याशिवाय एकाही साहेबाचं एक वर्ष निभलं नसतं. त्यांची नावं अहवालात ‘देशी मदतनीस’ एवढ्याच सदरात जातात.

ज्यांची नावं राहिली, त्यांनी तरी साहेबांपुढे मान तुकवली असं नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते उघड म्हणत. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं, टेबलखुर्ची आणि परकी भजनं घ्यायची, याचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि अखेर १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत ते वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मिशनमधले साहेब, मडमा, त्यांचे नियम आणि त्यांची माया हे सगळं एकाच हसऱ्या, तिरक्या नजरेने पाहिलेलं आहे. मिशन कंपाउंडचं त्याहून खरं चित्र मराठीत दुसरं नाही. अहवालांची कपाटंच्या कपाटं त्या एका पुस्तकापुढे फिकी पडतात.

टिळकांना ख्रिस्ती होताना ज्यांचा आधार झाला ते जस्टिन ॲबट. १८८१ ते १९१० एवढा काळ ते मुंबई-नगर भागात मिशनरी होते. निवृत्त होऊन अमेरिकेला गेले, आणि मग त्यांच्या आयुष्यातलं खरं काम सुरू झालं. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने त्यांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची एक इंग्रजी ग्रंथमाला काढली: भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. पहिलं पुस्तक १९२६ चं. ॲबट १९३२ साली वारले तरी पुढचे भाग निघतच राहिले. बहिणाबाईंचं आत्मचरित्र जगातल्या अभ्यासकांच्या हाती पडलं ते या मालेमुळे. येशू सांगायला आलेला माणूस म्हातारपणी न्यू जर्सीत बसून संतचरित्रकार महिपतीच्या कथा इंग्रजीत उतरवतो, याला काय म्हणायचं?

आणि याच्या उलट टोकाला, तीनशे वर्षं आधी, फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आले, साष्टीत राहिले आणि चाळीस वर्षांनी १६१९ साली तिथेच वारले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी टाइपच नव्हते. पण या कौतुकात एक गोष्ट दडपली जाते. साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, त्यांची प्रेतं ताब्यात घ्यायला स्टीफन्सच गेले होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलावून घेऊन कापून काढलं. ओवीचा गोडवा आणि ही कत्तल, दोन्ही एकाच परगण्यातल्या. स्टीफन्स वाचताना मी दोन्ही आठवतो.

परदेशी जाऊन आयुष्य वेचण्याचा मक्ता गोऱ्यांचाच होता असंही नाही. बाणावलीत जन्मलेले गोंयकार पाद्री जुझे वाझ १६८७ साली वेषांतर करून डचांच्या ताब्यातल्या सिलोनमध्ये शिरले. तिथे कॅथलिकांना बंदी होती. कँडीच्या राजाने हेर समजून कैद केलं. पुढे देवीची साथ आली तेव्हा त्यांनी केलेली शुश्रूषा पाहून त्याच राजाने मोकळीक दिली. १७११ साली ते कँडीत वारले, गोव्याला परतले नाहीत. त्यांच्या मागून गेलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहलीत इतकं लिहिलं की श्रीलंकेच्या वाङ्मयेतिहासात त्यांना जागा आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संतपद दिलं.

कोल्हापूरचे मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या घरची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. अमेरिकेत शिकायला गेल्यावर १८८६ साली त्याच्या खटपटीतून विद्यार्थ्यांची एक चळवळ उभी राहिली. पुढच्या साठेक वर्षांत तिने वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी चीन, जपान, आफ्रिका, हिंदुस्थान अशा देशांत पाठवले. कोल्हापूरच्या मिशन कंपाउंडात रांगलेल्या मुलाच्या डोक्यातली ही कल्पना!

विल्यम वॉनलेस आले ते त्याच लाटेच्या काळात. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातले, न्यूयॉर्कला डॉक्टरकी शिकलेले. १८८९ साली बायको मेरीसह सांगलीला उतरले, वय चोवीस. पुढे मिरजेत दवाखाना थाटला. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ साली रुग्णालय उघडलं. पैसा आला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून, जे बाल्डविन या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार. मिरजेसारख्या रेल्वे जंक्शनला इंजिनवाल्याचा पैसा लागावा, हा योगायोग बरा जुळला. पण जंक्शन असण्याचा अर्थ त्याहून मोठा होता. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून रुग्ण गाडीत बसून थेट मिरजेला उतरू शकत. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी. सर्जन म्हणून वॉनलेस यांची कीर्ती पसरली ती या तिन्हींवर. म्हातारी आंधळी आली आणि चालत गेली, ही जाहिरात कुठल्याही पत्रकाहून भारी.

मात्र वॉनलेस यांचं मोठेपण शस्त्रक्रियांच्या संख्येत नाही. आपण एकटे किती कापणार, हे त्यांनी लवकर ओळखलं आणि १८९७ साली इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात केली. तेव्हा दक्षिण महाराष्ट्राच्या पट्ट्यात वैद्यकीय शिक्षणाची दुसरी सोय नव्हती. त्या शाळेतून बाहेर पडलेले डॉक्टर तालुक्या-तालुक्याला जाऊन बसले. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन यांच्या नावाचं रुग्णालय निघालं, क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर आरोग्यधाम. त्या माळाला लोक आजही वॉनलेसवाडी म्हणतात. मेरी १९०६ साली वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. देशभरच्या मिशन डॉक्टरांची संघटना १९०५ साली उभी राहिली, तिच्या मांडणीतही वॉनलेस आघाडीवर होते. १९२८ साली सरकारने त्यांना ‘सर’ केलं आणि त्याच साली ते निवृत्त झाले. १९३३ साली कॅलिफोर्नियात गेले. मागे डॉक्टर चार्ल्स व्हेल होते, इतर होते, आणि मिरजेतच शिकलेले कितीतरी.

पुढे १९६२ साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज गल्लीगल्लीत खासगी रुग्णालयं आहेत, औषधांच्या दुकानांच्या रांगा आहेत, कन्नड बोलणारे नातेवाईक पिशव्या घेऊन स्टेशनवरून उतरताहेत. एका माणसाच्या एकोणचाळीस वर्षांनी गावाचा धंदाच बदलून टाकला. सतार-तंबोऱ्यांचं मिरज दवाखान्यांचंही झालं.

तिकडे वेंगुर्ल्यात डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचं सेंट लूक्स रुग्णालय होतं. त्यांचा मुलगा, तोही रॉबर्ट, १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीला परत आला. मिशन कंपाउंडांनी आपल्याला डॉक्टर दिले, तसे अमेरिकेला हिंदुस्थान ओळखणारे लोकही दिले.

स्वातंत्र्यानंतर हवा पालटली, आणि पालटायलाच हवी होती. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ च्या अहवालाने, ज्यांचं मुख्य काम धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, असं सुचवलं. अहवालात अतिशयोक्ती आहे, पण परक्या पैशाच्या बळाविषयीचा त्याचा संशय निव्वळ द्वेषातून आलेला नव्हता. पुढे व्हिसा अवघड झाले. संस्था हळूहळू इथल्या चर्चकडे आल्या. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या निरनिराळ्या चर्चची एकच संस्था झाली. नगरला १९४७ साली निघालेलं कॉलेजही कुणा साहेबाने काढलेलं नाही. ते काढलं डॉक्टर भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी.

तरीही एक जण राहिले. स्विस जेझुइट हर्मन बाखर १९४८ साली आले, तेव्हा वय चोविसाच्या आत-बाहेर. नगर जिल्हा म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. सुरुवातीला त्यांनी इतर अनेकांसारखा विहिरींचा ध्यास घेतला. पण विहीर ज्याची जमीन त्याची, आणि उपसा वाढला की पाणी खाली जातं. मग त्यांनी डोंगरमाथ्यापासून काम धरलं: समतल चर, नालाबांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. आधी गावाने चार दिवस घाम गाळून दाखवायचा, मगच पैसा. जर्मनीच्या मदतीने आणि नाबार्डच्या हातून उभा राहिलेला पाणलोटाचा मोठा कार्यक्रम त्यांच्या खटपटीचा. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला एके काळी टँकर लागायचे, ती पाहायला पुढे परदेशी पाहुणे येऊ लागले. बाखर साठेक वर्षं इथे राहिले आणि २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये वारले. धर्मांतराचा आरोप करायला त्यांच्या कामात कुणाला फारशी जागा सापडली नाही. चर कुणाच्या जातीधर्माच्या शेतातून जातो हे पाण्याला विचारावं लागत नाही.

बोवेन ते बाखर असा हा पावणेदोनशे वर्षांचा पल्ला. यात उद्धारक कुणी नाही आणि सगळेच कारस्थानी नाहीत. मला त्यांच्यात एक फरक स्पष्ट दिसतो: ज्यांनी इथल्या माणसांना शिकवून आपली गरज संपवली त्यांचं काम टिकलं. जावजी, फुले, मिरजेचे डॉक्टर, दरेवाडीचे गावकरी ही त्याची उदाहरणं. ज्यांनी कंपाउंडाची भिंत उंच ठेवली त्यांच्या बंगल्यांची आज कौलं उतरताहेत आणि जमिनींवर खटले चालू आहेत.

मिरजेचं मिशन हॉस्पिटलही गेल्या काही वर्षांत ओढाताणीतून जात आहे. थकलेले पगार, कर्मचाऱ्यांची आंदोलनं, बंद पडलेले विभाग हे सगळं स्थानिक वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे. १८९४ साली त्यासाठी फिलाडेल्फियाहून पैसे आले होते. आता ते तिथून येणार नाहीत आणि येऊही नयेत. त्या दवाखान्यात शिकून, तिथे बरे होऊन, त्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या शहरात धंदा करून ज्यांचं भलं झालं, त्यांनीच तो चालवायला हवा.